पीयूसीत गाडी नापास झाली की ‘कॅट गेला’ सांगून कसे लुटतात

इंदूरच्या राजेंद्रनगरातली २०११ची पेट्रोल हॅचबॅक. जानेवारीत सकाळी सकाळी पीयूसीला, म्हणजे धुराच्या तपासणीला, नेली. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) १.९ टक्के, एचसी (हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेलं पेट्रोल) २१० पीपीएम. २०१० साली बीएस-४ (धुराचं सरकारी मानक) फक्त तेरा शहरांत आलं, त्यांत इंदूर नव्हतं, म्हणून ही गाडी बीएस-३. तिला मर्यादा सीओ ०.५ टक्के आणि एचसी ७५० पीपीएम. म्हणजे सीओ जवळपास चौपट आणि एचसी मात्र आरामात आत.

हे दोन आकडे शेजारी ठेवले तरी मिस्त्रीला अर्धं उत्तर मिळतं. सीओ जास्त आणि एचसी ठीक, म्हणजे ठिणगी पडतेय, पण पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जातंय. उलट एचसी चढलेला आणि सीओ कमी असता तर प्लग, कॉइल, इनटेकची गळती किंवा कॉम्प्रेशन बघावं लागलं असतं. गॅरेजमध्ये यातलं काहीच झालं नाही. स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं यंत्र) न लावताच निदान आलं: “कॅट गेला.” कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग. नवा बसवून बिल बावीस हजार. संध्याकाळी ‘ओळखीच्या’ सेंटरवरून सर्टिफिकेटही हातात: सीओ ०.०४, एचसी १२.

इतके गोंडस आकडे जुन्या गाडीचे सहसा येत नाहीत. प्रोब (मशीनची नळी) सायलेन्सरच्या पाइपात निदान ३०० मिलिमीटर आत जायला हवा. तो तोंडाशीच अडकवला की बाहेरची हवा मिसळते आणि सगळेच आकडे पातळ होतात. चार गॅसच्या मशीनवर ही चलाखी लगेच दिसते. चांगल्या चालणाऱ्या पेट्रोल इंजिनाचा सीओटू (कार्बन डायऑक्साइड) १४-१५ टक्क्यांच्या आसपास असतो. तो सात-आठवर आणि ऑक्सिजन दहाच्या घरात दिसला तर मशीन धूर कमी आणि हवाच जास्त मोजतंय, नाहीतर सायलेन्सर कुठेतरी फुटलाय. स्क्रीन बघायला मागा, त्यात संकोच कसला?

जुलैत दुसऱ्या सेंटरवर प्रोब नीट आत गेला आणि गाडी पुन्हा नापास. नवा कॅट उतरवून कापला तर आत काहीच नव्हतं, नुसता पत्र्याचा डबा. खऱ्या कॅटमध्ये सिरॅमिकची बारीक जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा थर. मारुती ईको व्हॅनचे सायलेन्सर चोरीला जातात ते याच थराच्या ‘माती’साठी. जुना कॅट गॅरेजवाल्याने ‘भंगार’ म्हणून ठेवून घेतला होता, म्हणजे दोन्हीकडून कमाई. तो खरंच मेला होता का, हे आता कुणालाच तपासता येणार नाही.

आणि मूळ दुखणं? थर्मोस्टॅटच (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) जागेवर नव्हता. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून तो काढून टाकायची आपल्याकडे भारी वाईट खोड आहे. थर्मोस्टॅट नसला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं. जानेवारीच्या सकाळी या इंजिनाचं तापमान साठच्या वर जाईना, हवं ८५-९०. ईसीयूला (इंजिनाचा संगणक) वाटतं इंजिन अजून थंड आहे, तो पेट्रोल वाढवत राहतो. त्यात कॅटलाही काम सुरू करायला साधारण २५०-३०० अंश लागतात. हे ओळखायला स्कॅनरही लागत नाही. थंड गाडी सुरू करून रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवा. होज बराच वेळ गार राहून मग एकदम तापली तर थर्मोस्टॅट ठीक. सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेली तर तो नाही, किंवा उघडाच अडकलाय. कॅटच्या तुलनेत हा भाग किरकोळ किमतीचा. बसवल्यावर कूलंट भरून हवा मात्र नीट काढायची, नाहीतर गाडी खरोखरच तापेल.

थर्मोस्टॅट ठीक निघाला तर पुढे कूलंट टेम्परेचर सेन्सर बघा. रात्रभर उभ्या गाडीत त्याचा आकडा बाहेरच्या हवेइतकाच हवा. मग पुढचा ऑक्सिजन सेन्सर: गरम इंजिनावर त्याचा व्होल्टेज ०.१ ते ०.९च्या दरम्यान सतत वरखाली व्हायला हवा, एका जागी बसला तर संशय घ्या. एअर फिल्टरवर फार खापर फोडू नका. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल-हवेचं मिश्रण सेन्सर सांभाळतो. ‘ट्युनिंग करून देतो’ म्हणणाऱ्याला नेमका कोणता स्क्रू फिरवणार ते विचारा.

एवढं झाल्यावरच कॅट. तोही मरतो तो बहुधा दुसऱ्या दुखण्यामुळे. मिसफायरमध्ये (ठिणगी चुकली की) न जळलेलं पेट्रोल आत पेटून जाळी वितळते, किंवा इंजिन ऑइल खात असेल तर थर माखून निकामी होतो. ते कारण तसंच ठेवलं तर अस्सल नवा कॅटही वाया जाईल. बदलायचाच ठरला तर बसवण्याआधी टॉर्च मारून आरपार जाळी बघा, बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या आणि जुना कॅट घरी घेऊन या. टेस्टला जाण्यापूर्वी गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवा, एसी बंद ठेवा.

आधीच फसला असाल तर कापलेल्या डब्याचे फोटो, बिल आणि दोन्ही पीयूसी जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते.