ट्रेल मॅजिक, जॉर्जिया : चवीला पाच तारे, शिस्तीला अडीच

फुकटच्या जेवणाचा कसला रिव्ह्यू लिहितेस, असं नवरा म्हणाला. धर्माच्या गाईचे दात बघू नयेत, हे मलाही कळतं. पण ही गाय डोंगरात सोडलेली आहे आणि तिच्यामागे अस्वलं येतात, म्हणून लिहिते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ॲपलॅचियन ट्रेल ही अमेरिकेतली डोंगरातली पायवाट जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेन राज्यातल्या कटाडिनपर्यंत जाते. १४ राज्यं, सुमारे ३,५०० किलोमीटर. ती एका दमात चालणारे ते थ्रू-हायकर. बहुतेक जण मार्च-एप्रिलमध्ये आमच्या जॉर्जियातून निघतात आणि पुढचे पाच-सहा महिने चालत असतात. गाडीरस्ता ट्रेलला आडवा जातो अशा खिंडींत कुणीतरी टेबल मांडून त्यांना फुकट खाऊ घालतं, ते ट्रेल मॅजिक. आम्ही ॲटलांटाजवळ अल्फारेटाला राहतो आणि सुट्टीच्या दिवशी ट्रेलचा एखादा तुकडा चालतो. पाठीवर सॅक दिसली की आम्हालाही खुर्चीत बसवतात. ‘आम्ही थ्रू-हायकर नाही हो’ असं सांगेपर्यंत प्लेट हातात आलेली असते. ट्रेलवर प्रत्येकाला टोपणनाव मिळतं. माझं ‘चटणी’. दाण्याच्या चटणीची पुडी मी सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवते, दुसरं काय.

पहिली सेवा वुडी गॅपची (गॅप म्हणजे खिंड). ॲटलांटाहून दीड तासावर, आणि स्प्रिंगरपासून पायी साधारण ३२ किलोमीटर. मार्चमधल्या शनिवारी इथे जत्रा असते. आम्ही गेलो तेव्हा एका चर्चची मंडळी आली होती. दोन शेगड्या, एकीवर हॉटडॉग, दुसरीवर पॅनकेक. घडीच्या खुर्च्या गोल मांडलेल्या, मधे फोन चार्ज करायच्या वायरींचं जाळं. माणसं इतकी अगत्याची की नाही म्हणवत नाही. शाकाहाऱ्यांचे मात्र हाल. पावात पिवळी मोहरी आणि कांदा घालून ‘व्हेज’ म्हणून दिलं, तेही हसत. नेमकी संकष्टी असलेल्या एका खेपेला केळं आणि बटाट्याच्या वेफर्सवर माझं उत्तम भागलं होतं, तेव्हा तक्रार नाही.

माझ्या शेजारी विशीतला एक मुलगा बसला होता. पॅनकेकवर पीनट बटर थापायचा, सुरळी करायची आणि दोन घासांत संपवायची, असं चाललं होतं. चालून किती दिवस झाले विचारलं, तर तीन. त्याच्या सॅकमध्ये आठवडाभराचा शिधा होता आणि पुढचं दुकान, नील गॅपचं, दीड दिवसावर. उठताना त्यानं नूडल्सची चार पाकिटं, ओट्सची पिशवी आणि न फोडलेले टॉर्टिया कचऱ्याच्या पिशवीत टाकले. ओझं कमी केलं म्हणे. त्या पिशवीत डोकावून पाहिलं, तर निम्मी पिशवी अशाच कोऱ्या पाकिटांची. एकीकडे फुकट वाढायचं आणि दुसरीकडे विकत आणलेलं फेकलं जाताना बघायचं, याला मदत म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

खरी भूक तीन दिवसांत लागतच नाही. तेव्हा पाय दुखतात, खांदे सोलतात, पण पोट अजून घरचंच असतं. दिवसाला चार-पाच हजार कॅलरी जाळणारं शरीर काही आठवड्यांनी ‘आण’ म्हणायला लागतं. तोवर ही मंडळी नॉर्थ कॅरोलायना, टेनेसी ओलांडून व्हर्जिनियात शिरलेली असतात. अख्खी ट्रेल चाललेली माझी ऑफिसातली मैत्रीण सांगते की जॉर्जियात तिला जेवण चुकवता चुकवता नाकी नऊ आले, आणि व्हर्जिनियात जुलैच्या मंगळवारी काळं कुत्रं भेटत नव्हतं. कारण उघड आहे. वाढणाऱ्याला शनिवारी वेळ असतो, जवळची खिंड हवी असते आणि गर्दी हवी असते. जेवण वाढणाऱ्याच्या सोयीनं होतं, चालणाऱ्याच्या भुकेनं नाही.

वुडी गॅपला आणखी एक गोष्ट खटकली. वेफर्सच्या मोठ्या वाडग्यात सगळ्यांचे हात. या ट्रेलवर नोरोव्हायरसच्या साथी येऊन गेलेल्या आहेत. त्याला सॅनिटायझर पुरत नाही, साबण आणि पाणीच लागतं. टेबलावर सॅनिटायझरच्या तीन बाटल्या होत्या, साबण नव्हता. तीन तारे, त्यातला एक केवळ त्या पॅनकेकवाल्या आजींसाठी.

दुसरी सेवा म्हणजे नुसता खोका. खिंडीचं नाव सांगत नाही, ठेवणाऱ्याचंही ठाऊक नाही. झाडाखाली निळा कूलर, वर चिठ्ठी : हवं ते घ्या, चालत राहा. उघडला तर बर्फाचं पाणी झालेलं, त्यात भिजलेला ब्रेड, सोड्याचे रिकामे डबे आणि चॉकलेटचे कागद. एका कागदाची कड बारीक दातांनी कुरतडलेली. ती उंदराची म्हणून सोडून देऊ, पण ही काळ्या अस्वलांची हद्द आहे. इथून जवळच जॅरार्ड गॅप ते नील गॅप या पट्ट्यात १ मार्च ते १ जून दरम्यान मुक्काम करायचा तर अस्वलाला न उघडणारा कडक डबा बाळगणं सक्तीचं आहे. म्हणजे पाठीवर किलोभराचा डबा वाहणाऱ्यानं नियम पाळायचा, आणि कुणी पुण्यवंतानं झाडाखाली अख्खं स्वयंपाकघर उघडं टाकून घरी जायचं! एकदा का कूलरमध्ये खाणं असतं हे अस्वलाला कळलं की ते तंबू, शेल्टर (ट्रेलवरचा मुक्कामाचा निवारा), गाडी सगळीकडे तोंड घालतं. मग शेल्टर बंद होतं, नाहीतर अस्वल मारलं जातं. ट्रेलचा कारभार बघणारी ॲपलॅचियन ट्रेल कॉन्झर्व्हन्सी ही १९२५ सालची संस्था तर स्पष्ट सांगते की खाणं बेवारस ठेवू नका, उरलंसुरलं परत न्या, दारू आणू नका. शून्य तारे. चिठ्ठीचं अक्षर सुरेख होतं.

तिसरी सेवा डिक्स क्रीक गॅपला, स्प्रिंगरपासून शंभरावर किलोमीटर पुढे. एप्रिलचा मधला वार, रिपरिप पाऊस. एक म्हातारे गृहस्थ जुन्या पिकअपचा मागचा फळा उघडून बसले होते. ना बॅनर, ना शेगडी. संत्र्यांची जाळी, उकडलेली अंडी, नळाचा पाण्याचा कॅन, त्याच्या बाजूला दोरीला बांधलेली साबणाची वडी. येणाऱ्याला पहिला प्रश्न : ‘कचरा आहे का तुझ्याकडे?’ ओला, वासाचा, चार दिवस जपून आणलेला कचरा कुणी मागून घेतो तेव्हा हायकरचा चेहरा बघावा! मग म्हणाले, हायवॉसीला कुणाला जायचं असेल तर अर्ध्या तासानं निघतोय. गाव तिथून अठरा-एक किलोमीटर. एका मुलीच्या बुटाचा तळ सुटला होता. तिला पुढे बसवलं, संत्र्याच्या सालींसकट सगळं मागे टाकलं आणि गेले. पाच तारे. सहावा असता तर साबणाच्या वडीला दिला असता.

माझं माहेर फलटण. माऊलींची पालखी आमच्याकडे मुक्कामाला असते, त्यामुळे चालणाऱ्याला जेवू घालण्यात वाईट काय, हे मला कुणी पटवून देऊ नये आणि मीही कुणाला देणार नाही. पण घरी आई दिंडीच्या विणेकऱ्यांना आधी विचारायची, पानं किती? तेवढंच पिठलं, तेवढ्याच भाकरी. उलट पुण्यात त्याच वारकऱ्याच्या हातात सकाळपासून बिस्किटं, केळी, राजगिऱ्याचे लाडू यांची इतकी रास होते की शेवटी पिशवी रस्त्याकडेला रिकामी होते. वुडी गॅपला मला पुणे दिसलं, डिक्स क्रीकला फलटण.

काही जुने हायकर म्हणतात की फुकट खाऊन माणूस ऐतखाऊ होतो, रानाची शांतता बिघडते. हे मला फारसं पटत नाही. पार्किंग आणि हायवे असलेल्या खिंडीत कसली शांतता? आणि पावसात थरथरणाऱ्याला गरम कप दिल्यानं कुणाचं स्वावलंबन बुडत नाही. नील गॅपच्या दुकानाबाहेर झाडावर जुने बूट लटकलेले आहेत, तिथवर येऊन घरी परतणारे दरवर्षी असतात. त्यातला एखादा कपभर चहानं परतायचा थांबला तर बरंच आहे. पण ‘इथे काल काही नव्हतं का?’ असं तोंड वाकडं करून विचारणारेही मी पाहिलेत. खिंडीत जेवणाची वाट बघत दुपारभर लोळणारेही. सवय लागते, नाही असं नाही.

ॲटलांटातल्या मराठी मंडळींपैकी कुणी हे करायचं मनात धरलं असेल तर माझ्या अनुभवाच्या चार गोष्टी. मार्चचा शनिवार सोडा, एप्रिलअखेरचा मधला वार घ्या आणि वुडी गॅपच्या पुढे जा. टेबल ट्रेलवर नको, पार्किंगच्या कडेला. राष्ट्रीय वनात ७५ किंवा जास्त माणसं जमणार असतील तर परवाना लागतो, तेवढी जमवूच नका. हात घालून घ्यायचं काही ठेवू नका, चिमट्यानं वाढा. थालीपीठ गार झालं तरी खातात, पोहे सांडतात, लाडू पळवतात. कचऱ्याच्या पिशव्या लागतील असं वाटतं त्याच्या दुप्पट घ्या. चहा घरच्यासारखा करा, फक्त आलं बेताचं. एकाला ठसका लागला तर मागची सगळी रांग कॉफी मागते.