गाडी सुकवायचा मोठा मायक्रोफायबर टॉवेल: बरेच महिने वापरून झाल्यावर (आणि त्या लेबलबद्दल)

लिहायला बसलो कारण टॉवेलने एकदम पाणी प्यायचंच बंद केलं. बॉनेटवर पसरून ओढला तर पाणी नुसतं पुढे सरकतंय आणि मागे थेंबांची रांग. 1200 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 1200 ग्रॅम, जाडजूड), ट्विस्टेड लूपवाला म्हणजे पीळ दिलेल्या धाग्यांच्या फासांचा, सगळे घेतात तोच प्रकार. विक्रेत्याला फोटो पाठवले तर म्हणे वापराने झिजला असेल, बदलून मिळणार नाही.

मग घरात विचारल्यावर उलगडा झाला, टॉवेल कपड्यांबरोबर मशीनमध्ये गेला होता, सॉफ्टनरसकट. मायक्रोफायबरची सगळी करामत त्या बारीक धाग्यांमधल्या फटींत असते, सॉफ्टनरचा थर बसून त्या बुजल्या की उरतं नुसतं पॉलिएस्टरचं फडकं. एवढं एक वाक्य लेबलवर छापायला काय जात होतं?

आता लेबलवर येतो. कोपऱ्यात शिवलेलं, कडक, चकचकीत, दोन्ही बाजूंना लोगो आणि धुण्याबद्दल अवाक्षर नाही. पेंटला ओरखडा नको म्हणून कडेने मऊ सॅटिनची पट्टी लावायची आणि त्याच पट्टीत हे पत्र्यासारखं लेबल खुपसायचं, कुणाचं डोकं हे? क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, जेमतेम 40-50 मायक्रॉनचा असतो, केसापेक्षाही पातळ. कात्रीने कापलं तर मुळाशी खुंट राहिले, बोटाला टोचणारे. शेवटी शिवण उसवून काढलं आणि आता तिथली पट्टी सुटायला लागलीये. म्हणजे लेबल ठेवलं तरी ताप, काढलं तरी ताप.

टॉवेल वाईट आहे असं मात्र नाही हां. आधी शॅमॉय (चामड्यासारखं गुळगुळीत फडकं) वापरायचो, तो सपाट, एखादा कण राहिला तर त्याला आत जायला जागाच नाही, तो तसाच पेंटवर घासत फिरतो. इथे कण लूपमध्ये शिरतो. अर्थात धुतानाच माती नीट निघाली नसेल तर कुठलाही टॉवेल स्वर्ल मार्क पाडणारच, उन्हात बारीक ओरखड्यांचं गोल जाळं दिसतं ते असंच येतं. शेवटचं पाणी मारताना नळीचं नोझल काढून रूफवरून संथ धार सोडा, पाणी चादरीसारखं आपोआप उतरतं आणि निम्मं काम तिथेच होतं. टॉवेल अगदी कोरडा असेल तर सुरुवातीला तोही घसरतो, म्हणून थोडा दमट करून घ्या. मग पसरायचा, दोन कोपरे धरून अलगद ओढायचा, न दाबता, गोल गोल तर अजिबात नाही. आणि सावलीत. उन्हात पाणी उडून जातं आणि कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार मागे राहतात, तेच ते पांढरे गोल डाग. ताजे असतील तर पाणी घातलेल्या व्हिनेगरने निघतात, पेंटमध्ये उतरले की पॉलिशशिवाय सुटका नाही.

साइजबद्दल माझं मत मात्र पार बदललंय. घेताना वाटलं जेवढा मोठा तेवढा बरा. रूफ आणि बॉनेटला खरंच एका ओढीत काम होतं, पण भिजल्यावर इतका जड होतो की दारं पुसताना खाली लोंबतो आणि सगळ्यात घाण असते ती दाराखालची पट्टी पुसून वर येतो, तोच भाग परत पेंटवर. जमिनीला टेकला तर त्या दिवसापुरता बाद. त्यामुळे दारांना आता छोटा टॉवेल. साइड मिररमधून मात्र कितीही पुसा, पाच मिनिटांनी ओघळ येतोच, तिथे ब्लोअरच हवा, टॉवेलला दोष देण्यात अर्थ नाही.

बिघडलेला टॉवेल बराचसा सुधारला. सॉफ्टनर नसलेलं लिक्विड डिटर्जंट, कोमट पाणी, खळबळताना थोडं व्हिनेगर, असं एकदा करून फारसा फरक नाही पडला म्हणून परत केलं. कडकडीत गरम पाणी आणि ड्रायरची गरम हवा नको, धागे कडक होतात. सुती कपड्यांबरोबर पण नको, त्यांचे सगळे सुटे तंतू हा ओढून घेतो. पूर्वीसारखा नाही पीत, पण चालतो.

पुढचा घेईन तो निम्म्या साइजचा आणि शिवलेलं लेबल नसलेलाच. तोवर हा रूफ, बॉनेट आणि काचांना, पट्टी आणखी सुटली की दारांच्या खाचा पुसायला, मग रिम्सना. फेकणार तर नाहीच.