जांभळं फाउंटन ग्रास, वाळा की गवती चहा?

कुंपणालगत शोभेच्या गवताची रांग लावायची म्हटलं की नर्सरीवाला हमखास जांभळ्या फाउंटन ग्रासकडे बोट दाखवतो. दाखवणारच, विकत घेण्याच्या दिवशी तेच सगळ्यांत देखणं दिसतं. पण निवड करताना जुलै आणि मे हे दोन महिने डोळ्यांसमोर ठेवावेत. बहुतेक गवतं मरतात ती या दोनांपैकी एकात.

फाउंटन ग्रास मूळचं आफ्रिकेकडचं. मरून पाती, कोल्ह्याच्या शेपटीसारखे झुकलेले तुरे, उंची 1 ते 1.5 मीटर. दिसण्यात त्याला तोड नाही. त्याला रोज सहा-सात तास थेट ऊन हवं. इमारतीच्या सावलीत पाती हिरवट पडतात आणि ज्या रंगासाठी पैसे मोजले तोच जातो. मूळ धरलेला ठोंब मे महिना थोड्या पाण्यावर काढतो. जुलैचं मात्र अवघड. काळ्या मातीत पाणी साचलं की ठोंब मधूनच सडायला लागतो. अशा ठिकाणी गादीवाफा करून, मातीत मुरूम मिसळूनच लावा.

घेताना जात नीट बघा. जांभळ्या जातीत बी जवळजवळ धरत नाही, तिची रोपं ठोंब फोडूनच होतात. साधी हिरवी जात मात्र बियांनी सैरावैरा पसरते. हवाई बेटांवर तिने लाव्हाची मैदानं व्यापली आणि तिच्या वाळल्या पाल्याने वणव्यांना आयतं जळण मिळालं. त्यामुळे बियाण्याचं पाकीट स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका.

वाळा म्हटलं की आपल्याला माठातली मुळी आणि खिडकीवरचे ओले पडदे आठवतात; बागेतलं झाड म्हणून तो कुणाला सुचत नाही. माझ्या मते हा त्याच्यावर अन्याय आहे. दीड मीटरचा ताठ ठोंब, वरून अलगद वाकलेली पाती, आणि मुळं आडवी न पसरता सरळ खाली जाणारी. चांगल्या जमिनीत पहिल्याच वर्षात ती 3 मीटरपर्यंत उतरतात. माती धरून ठेवण्याच्या या गुणामुळेच 1980च्या दशकात जागतिक बँकेने भारतात बांधांवर वाळ्याच्या ओळी लावण्याचा आग्रह धरला होता. तुमच्या प्लॉटला उतार असेल, पावसात माती वाहून जात असेल, तर पुढचं वाचायचीही गरज नाही, वाळाच लावा. माती धरायची तर फुटवे 10-15 सेंमी अंतरावर, नुसती शोभा हवी तर 60-75 सेंमीवर. साचलेलं पाणी आणि कोरडा मे, दोन्ही तो सोसतो. सावली तेवढी सोसत नाही. उणीव रंगाची : वर्षभर हिरवा, तुरेही विरळ. आणि सुगंधी मुळ्या हव्या असतील तर अख्खा ठोंब उपटावा लागतो, म्हणजे रांगेला खिंडार.

गवती चहा शोभेच्या रांगेत लावू नका. चहासाठी सतत पाती कापली जातात, त्यामुळे ठोंब कायम ओरबाडलेला दिसतो, आणि तुरा तर आपल्याकडे क्वचितच येतो. त्याची जागा स्वयंपाकघराच्या दाराशी, निचरा होणाऱ्या मातीत. दर दोन-तीन वर्षांनी ठोंब फोडावा.

पम्पास ग्रास या पांढऱ्या तुऱ्यांच्या गवताचा मोह फोटो पाहून होतो. पण 3 मीटर उंची आणि करवती पाती. घरात लहान मुलं असतील तर नकोच.

निगेबाबत एकच सावधगिरी. परदेशी व्हिडिओंत हिवाळा संपताना गवत कापायला सांगतात, कारण तिथे थंडीने ते वाळलेलं असतं. आपल्याकडे फेब्रुवारीत कापलं तर कोवळी फूट थेट उन्हाळ्यात सापडते. मेच्या अखेरीस कापा : ठोंब सुतळीने बांधा, हातमोजे घाला, फाउंटन ग्रास 20 सेंमीवर आणि वाळा 30-40 सेंमीवर ठेवा. मग ठोंबाला घमेलंभर शेणखत. युरिया टाकलात तर पाती भराभर वाढतील आणि पहिल्याच जोरदार सरीला आडवी होतील.