प्रीमियर पद्मिनीला इलेक्ट्रिक फ्युएल पंप: हिंगणघाट तालुक्यातील एका गॅरेजच्या कामाचा अभिप्राय

हिंगणघाटहून वडनेरकडे जाताना महामार्गालगत असलेल्या एका लहान गॅरेजमध्ये आमच्या १९८६ सालच्या प्रीमियर पद्मिनीला उन्हाळ्याआधी इलेक्ट्रिक फ्युएल पंप बसवून घेतला. पंप ऑनलाइन मागवलेला होता आणि बसवण्याचे सर्व काम तेथील मिस्त्रींनी केले. दोन्हींबद्दल वेगवेगळे लिहिणे योग्य वाटते, कारण साधारण दर्जाचा पंपसुद्धा योग्य जागी बसवला तर उत्तम चालतो आणि महागातला पंप चुकीच्या जागी बसला तर मूळ पंपापेक्षा अधिक त्रास देतो.

पद्मिनीचा मूळ पंप, ज्याला मिस्त्रीमंडळी एसी पंप म्हणतात (एअर कंडिशनरशी त्याचा संबंध नाही), इंजिनालाच बोल्टने आवळलेला असतो. इंजिनातला कॅमशाफ्ट नावाचा दांडा फिरला की त्याच्या आतील पडदा वर-खाली होतो आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढले जाते. टाकीपासून इंजिनापर्यंतची सगळी नळी अशा रीतीने ओढीवर असते. ओढीमुळे नळीतील दाब उतरतो आणि दाब उतरला की पेट्रोलची वाफ लवकर होते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, बॉनेटखाली तर त्याहून कितीतरी अधिक तापलेले असते, आणि अशा वेळी रेल्वे फाटकापाशी किंवा बाजाराच्या गर्दीत गाडी थोडी थांबली की पंपात पेट्रोलऐवजी वाफच भरते, पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर कोरडा पडतो आणि गाडी बंद पडते. पंपावर ओले फडके टाकून बाभळीच्या सावलीत थांबणे हा जुन्या ड्रायव्हरांचा उपाय आम्हीही अनेक उन्हाळे केला. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या घडणीच्या रबराला ते मानवत नाही. एसी पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल थेट इंजिन ऑइलमध्ये उतरते, ऑइल पातळ होते आणि बेअरिंगे झिजू लागतात, त्यामुळे पंप बदलण्याचे कारण केवळ उन्हाळा एवढेच नव्हते.

मागवलेला पंप १२ व्होल्टचा, चौकोनी डबीच्या आकाराचा आणि कमी दाबाचा आहे. पंप म्हणून त्याविषयी तक्रार नाही. विक्रेत्याच्या माहितीविषयी मात्र आहे. कार्बोरेटरची फ्लोट सुई, म्हणजे वाटी भरली की पेट्रोलची वाट अडवणारी सुई, साधारण २ ते ४ पीएसआय (दाबाचे एकक) दाब धरून ठेवू शकते, त्याहून अधिक दाब आला तर ती पेट्रोल अडवू शकत नाही आणि कार्बोरेटर वाहू लागतो. या पंपाच्या डबीवर ४ ते ७ पीएसआय असे छापलेले असूनही विक्रेत्याने तो सर्व कार्बोरेटरच्या गाड्यांना थेट चालेल असे लिहिले होते. मिस्त्रींनी डबी पाहताच प्रेशर रेग्युलेटर आणायला सांगितला आणि गेज लावून दाब अडीच पीएसआयवर आणल्यावरच नळी कार्बोरेटरला जोडली. इंजेक्शनच्या गाड्यांचे पंप ४० पीएसआयच्या आसपास किंवा त्याहून अधिक दाबाचे असतात. ते स्वस्तात मिळाले तरी अशा गाडीला मुळीच लावू नयेत.

या गॅरेजचे खरे कसब जागा निवडण्यात दिसले. इंजिनाशेजारी पंप लावणे सोपे गेले असते, वायरही कमी लागली असती, पण मिस्त्रींनी ते साफ नाकारले. "काका, हा पंप ढकलते मस्त, पण ओढाच्या कामाचा नाही," असे ते म्हणाले, आणि मोजक्या शब्दांत सगळे शास्त्र त्यात आले. पंप टाकीजवळ, टाकीच्या तळापेक्षा खालच्या पातळीवर बसवला, म्हणजे पेट्रोल आपल्या वजनाने पंपात येते आणि पुढची लांब नळी दाबाखाली राहते, जिच्यात वाफ सहज धरत नाही. डिकीच्या आत लावण्याचा विचारही त्यांनी बाजूला ठेवला, कारण एखादा जोड पाझरला तर पेट्रोलची वाफ माणसे बसतात तेथे साचेल. सायलेन्सरच्या पाइपापासून लांब, तरीही काळ्या मातीचा चिखल आणि उडणारे खडे थेट लागणार नाहीत अशी जागा शोधण्यात त्यांनी बराच वेळ घालवला. पंप उभा-तिरपा, बाहेर जाणारे तोंड वर ठेवून, रबरी बुशांवर बसवला आहे. त्याच्या आधी जाळीचा फिल्टर आहे, कारण जुन्या टाकीतला गंज या पंपाच्या झडपांना पहिल्यांदा गाठतो. पंपासोबत आलेल्या दातेरी क्लिपा नळी कापतात म्हणून त्या बाजूला टाकून सपाट कडांच्या क्लिपा वापरल्या आणि इथेनॉल सोसणारी नवी नळी घातली. एसी पंप काढल्यावर उरलेल्या तोंडावर गॅस्केटसह जाड पट्टी बसवली, नाहीतर तेथून ऑइल गळत राहिले असते.

विजेच्या जोडणीबद्दल मला विशेष समाधान आहे. जुना पंप इंजिन थांबताच थांबत असे. इलेक्ट्रिक पंप मात्र चावी चालू असेपर्यंत चालतो, आणि अपघातात नळी तुटली तर तो पेट्रोल रस्त्यावर ओतत राहील. म्हणून रिले (पंपाची वीज जोडणारा-तोडणारा विद्युत स्विच) व फ्यूज यांच्याबरोबर इंजिनाच्या ऑइल प्रेशरवर चालणारा वेगळा स्विच टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावून बसवला आहे. सेल मारताना पंपाला सेलच्या वायरीतून वीज मिळते, इंजिन चालू झाल्यावर ती या स्विचमार्गे येते आणि इंजिन बंद पडून ऑइलचा दाब उतरला की पंपही थांबतो. अर्थिंगसाठी रंग खरवडून स्वच्छ पत्र्यावर बोल्ट घेतला. मात्र वायरींचे काही जोड सुरुवातीला नुसते पीळ देऊन टेपने गुंडाळले होते. चाकाजवळ पावसाळ्यात असे जोड टिकत नाहीत. सांगितल्यावर त्यांनी लगेच टर्मिनल दाबून जोड पक्के केले, पण ते मुळातच तसे व्हायला हवे होते.

भर दुपारी पांढरकवड्यापर्यंत जाऊन आल्यावरही गाडी चालताना कोठे अडखळली नाही. पूर्ण तापलेली गाडी बंद करून थोड्या वेळाने सुरू करायला गेल्यास अजूनही त्रास होतो, कारण तेव्हा कार्बोरेटरच्या वाटीतलेच पेट्रोल उकळते आणि त्यावर कोणत्याही पंपाचा उपाय नाही. कार्बोरेटरखाली उष्णतारोधक जाड गॅस्केट घालणे हे वेगळे काम आहे. ॲव्हरेज किंवा ताकद वाढेल अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. इंजिन आयडलवर असताना मागच्या सीटवर पंपाची बारीक टिकटिक ऐकू येते, बुश असूनही.

पंपाच्या किमतीपेक्षा रेग्युलेटर, नळी, स्विच आणि मजुरी यांचाच खर्च अधिक आला; मजुरी मला रास्त वाटली, परंतु तपशीलवार पक्के बिल मागूनच घ्यावे लागले. या गॅरेजमध्ये ट्रॅक्टरचीही कामे होतात, त्यामुळे पेरणीच्या दिवसांत जुन्या मोटारीचा नंबर मागे पडतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये गाडी न्यावी, आणि रेग्युलेटर व ऑइल प्रेशर स्विच नागपूरहून आधीच मागवून सोबत न्यावेत, कारण आम्हाला तालुक्याच्या दुकानांत ते मिळाले नाहीत आणि त्यांची वाट पाहत गाडी गॅरेजमध्येच उभी राहिली.