मिळकत कर आणि वीज बिल: भरणा कुठून करावा, पावती कुठून घ्यावी

पुण्यातल्या बहुतेक घरांतून दोन भरणे हमखास ऑनलाइन होतात. एक महापालिकेचा मिळकत कर, दुसरं महावितरणचं बिल. दोन्हींसाठी वाटा त्याच. एकतर त्या त्या संस्थेची स्वतःची साइट, नाहीतर मोबाइलवरचं कुठलंही यूपीआय ॲप, जे भारत कनेक्टमार्फत (म्हणजे आधीचं भारत बिलपे) तेच बिल ओढून आणतं. निकाल आधीच सांगून टाकतो: वीज बिल ॲपवरून भरा, मिळकत कर साइटवरून. पैसे दोन्हीकडून सारखेच पटकन जातात. फरक पावतीत पडतो.

मिळकत कराच्या साइटचा पत्ता बिलावर छापलेला असतो, तोच टाइप करावा. शोधयंत्रात टाकून वर येईल ती पहिली लिंक दाबू नये, कारण वरच्या एक-दोन लिंका बऱ्याचदा जाहिराती असतात. आत विभाग, पेठ आणि खाते क्रमांक असे तुकडे मागतात. ते बिलावर तिरक्या रेघांनी तोडून एका ओळीत दिलेले असतात. (बाणेरच्या बाविसाव्या मजल्यालाही महापालिकेच्या लेखी पेठ असतेच.) क्रमांक बरोबर पडला की नाव, पत्ता आणि थकबाकी दिसते. इथे थांबून नाव वाचा. नव्या इमारतीत ते अजून बिल्डरचं असू शकतं, जुना फ्लॅट घेतला असेल तर आधीच्या मालकाचं. कर मिळकतीवर असल्यामुळे भरणा तरीही जमा होतो, पण नाव आपोआप बदलत नाही. त्यासाठी हस्तांतरणाचा अर्ज वेगळा करावा लागतो. मागच्या मालकाची थकबाकी राहिली असेल तर तीही याच पानावर कळते. फ्लॅट विकत घेणाऱ्याने विसार देण्याआधी हे पान उघडून बघणं फुकट आहे आणि फार उपयोगाचं आहे.

सर्वांत जास्त गोंधळ सवलतीचा होतो. वार्षिक करयोग्य रक्कम (म्हणजे ज्या आकड्यावर कर आकारतात तो, कर नव्हे) २५,००० रुपयांपर्यंत असेल तर मुदतीत भरल्यास १० टक्के सूट, त्यापुढे ५ टक्के. ही सूट सर्वसाधारण करावर असते, पूर्ण बिलावर नाही. बिलात पाणीपट्टीसारखे इतर कर असतात, शिवाय राज्य सरकारचा शिक्षण कर. त्यांवर सूट नाही. समजा बिल १२,००० चं आहे आणि त्यात सर्वसाधारण कर ६,००० आहे, तर सूट ६०० रुपये येईल, १,२०० नाही. साइटचा हिशेब चुकला असं वाटून पान पुन्हा पुन्हा उघडण्याआधी बिलाची मागची बाजू बघावी. मुदत एरवी ३१ मे, पण अलीकडच्या काही वर्षांत बिलंच उशिरा निघाली आणि मुदत पुढे गेली, तेव्हा तारीख त्या वर्षीच्या बिलावरचीच धरावी. सवलत हुकल्यावरही कर थकवला तर थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती (दंड) लागते, आणि कुठलीही बँक एवढं व्याज देत नाही.

स्वतः राहत असलेल्या घराची ४० टक्के सवलत हा वेगळा विषय. ती बिलात लागलेली नसेल तर भरण्याच्या पानावर कितीही शोधा, सापडणार नाही. त्यासाठी पीटी-३ अर्ज लागतो, सोबत स्वतः राहत असल्याचे पुरावे. घर भाड्याने दिलेलं असेल तर ती मिळत नाही. आधी अर्ज, मग भरणा असा क्रम ठेवला तर पुढे समायोजनासाठी हेलपाटे पडत नाहीत.

ॲपवरून मिळकत कर भरताना पुण्याची अशी एक खास खोच आहे. यादीत पुणे महानगरपालिका आणि पिंपरी चिंचवड महानगरपालिका एकाखाली एक येतात. वाकड, पिंपळे सौदागर, रावेत इथले लोक पत्त्यात सर्रास ‘पुणे’ लिहितात, पण त्यांचा कर पिंपरी चिंचवडला जातो. शिवाय ॲप मिळकतधारकाचं नाव अर्धं झाकून दाखवतं आणि कराची फोड बहुधा दाखवतच नाही, फक्त एकूण आकडा. वर्षाला हजारो रुपये जातात तिथे मला तरी हे पुरेसं वाटत नाही.

आता अडतं कुठे ते. पैसे कापले गेले आणि पावती आली नाही, ही नेहमीची तक्रार. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये साइट उघडली, ‘भरा’ दाबलं की फोन यूपीआय ॲपवर उडी मारतो. पिन टाकून परत यावं तोवर कमी मेमरीच्या फोनने ब्राउझरचं पान बंद केलेलं असतं किंवा ते पुन्हा लोड होतं. बँकेकडून पैसे निघालेले असतात, पण ‘झालं’ हा निरोप ज्या पानावर यायचा ते पानच जागेवर नसतं. गेटवेचा (बँक आणि संस्था यांच्यामधल्या पैसे पोचवणाऱ्या यंत्रणेचा) सर्व्हर तोच निरोप मागच्या दाराने संस्थेच्या सर्व्हरला स्वतंत्रपणे पाठवत असतो, पण त्याला काही मिनिटं किंवा काही तास लागू शकतात. या मधल्या वेळात घाबरून पुन्हा भरलं की दोनदा भरणा होतो.

यावर साधा इलाज: साइट संगणकावर उघडा, पडद्यावरचा क्यूआर फोनने स्कॅन करा आणि ब्राउझरच्या पानाला हात लावू नका. रिफ्रेश नाही, मागे जाणं नाही. क्यूआरखाली उलटी मोजणी चालू असते, म्हणून ॲप आधीच उघडून ठेवावं. पावती आली की पीडीएफ लगेच उतरवून घ्या. त्यावर पावती क्रमांक, मिळकतीचा क्रमांक आणि कराचा कालावधी हे तिन्ही आहेत का ते बघा. ॲपमधल्या हिरव्या ‘बरोबर’च्या खुणेचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे गेल्याचा पुरावा, कर जमा झाल्याचा नव्हे. फ्लॅटचा व्यवहार किंवा कर्जाची कागदपत्रं करताना समोरचा माणूस महापालिकेचीच पावती मागतो.

पैसे अडकलेच तर यूपीआयच्या इतिहासातला १२ आकडी यूटीआर क्रमांक, म्हणजे त्या व्यवहाराची ओळख, लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार खात्यातून पैसे गेले आणि व्यापाऱ्याकडे (इथे महापालिका किंवा महावितरण) पुष्टी पोचली नाही, तर ते व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. एका खात्यातून दुसऱ्या माणसाच्या खात्यात पाठवलेल्या पैशांसाठी हीच मुदत १ दिवसाची. तक्रार आधी ॲपमधल्या त्याच व्यवहारावर नोंदवायची, मग बँकेकडे. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर जाता येतं, फी लागत नाही. मात्र पैसे संस्थेकडे पोचलेले असून फक्त खात्यावर दिसत नसतील तर बँक काही करू शकत नाही, तिथे करसंकलन विभागाला यूटीआर द्यावा लागतो. म्हणून यूटीआर आधी, चिडचिड नंतर.

वीज बिलाचं काम सरळ आहे. १२ आकडी ग्राहक क्रमांक एकदा ॲपमध्ये साठवला की दर महिन्याला रक्कम आपोआप येते. महावितरणच्या साइटवर याच्या जोडीला बिलिंग युनिटचा ४ आकडी क्रमांकही मागतात. भाडेकरूंनी बिल घरमालकाच्या नावावर दिसतंय म्हणून गांगरू नये, क्रमांक जुळला की झालं. बिलावर दोन तारखा असतात. आधीच्या तारखेपर्यंत भरलं तर तत्पर भरण्याची १ टक्का सूट, ऑनलाइनबद्दल आणखी पाव टक्का. महावितरणकडे क्रेडिट कार्ड सोडून बाकी ऑनलाइन पर्यायांना जादा शुल्क नाही, तेव्हा रिवॉर्डच्या मोहाने कार्ड वापरण्याआधी गणित करावं. शेवटच्या तारखेच्या रात्री ॲपवरून भरणं टाळा. ॲपमधून गेलेली रक्कम महावितरणच्या खात्यावर चढायला कधी पुढचा दिवस उजाडतो.

महावितरणचा गो-ग्रीन पर्याय घेतला की कागदी बिल बंद होऊन ईमेलवर येतं. ही सोय चांगली, पण मेल बऱ्याचदा जाहिरातींच्या कप्प्यात जाऊन पडतो. पहिला मेल आला की तो मुख्य कप्प्यात ओढून घ्या आणि त्या पत्त्यासाठी वेगळं लेबल लावा. वर्षभराची बिलं एका जागी राहतात, पत्त्याच्या पुराव्यासाठी शोधाशोध होत नाही.

‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, या क्रमांकावर फोन करा’ असा मेसेज अजूनही फिरतो. महावितरणचे मेसेज एमएसईडीसीएल (कंपनीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं) या नावाने येतात, कुणाच्या दहा आकडी मोबाइलवरून नाही. आणि वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी जोडणी तोडण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावीच लागते, तेव्हा आजच्या आज रात्री काही तुटत नाही. सोबत एपीके फाइल (फोनवर ॲप बसवणारी) आली असेल तर ती उघडायची नाही. चुकून पैसे गेलेच तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, मग बँकेला. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाने तिसऱ्याच कुणाच्या लबाडीची खबर ३ कामाच्या दिवसांत बँकेला दिली तर नुकसान ग्राहकावर पडत नाही. पण पिन किंवा ओटीपी आपणच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच.

ऑटोपे, म्हणजे बिलाचे पैसे आपोआप कापले जाण्याची यूपीआयची सोय, वीज बिलाला लावायला हरकत नाही. १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी पिन लागत नाही आणि पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना येते. मर्यादा मात्र स्वतः ठरवून द्या. घराचं बिल एरवी दीड हजार येत असेल तर ३,००० ठेवा, म्हणजे रीडिंग चुकून भलतं बिल निघालं तर ते आपोआप भरलं जाणार नाही. मिळकत कराला ऑटोपे लावू नका. वर्षातून एकदा ते बिल डोळ्यांखालून गेलेलं बरं.