दोरीने छळलेले दहा महिने: जुना मॅसी ३५ उभा केल्यानंतर

परवा सकाळी ट्रॅक्टर मागे घेतला आणि खाली जमिनीवर तेलाचा लिंबाएवढा काळा डाग. कुठून आला ते बघायला वाकायची गरज नव्हती. क्लच हाउसिंगच्या तळाला ते भोक असतं ना, ज्यात स्प्लिट पिन लोंबत असते, तिथूनच. दहा महिन्यांत त्या भोकाखाली मी जेवढा उताणा पडलोय तेवढा अंथरुणावर पडलो नसेन. म्हणून इंजिनाचं तेल अडवणाऱ्या त्या दोरीबद्दल एकदाचं लिहून टाकतो.

ट्रॅक्टर मॅसी फर्ग्युसन ३५, पर्किन्सचं तीन सिलिंडरचं ३.१५२ इंजिन. १९५९ च्या अखेरीस चार सिलिंडरच्या इंजिनाच्या जागी आलं ते. माझा कित्येक वर्षं उभा होता, इंजिन जाम. स्लीव्ह, पिस्टन, रिंगा, मेन आणि कनेक्टिंगची बेअरिंगं, पंप, नोझल सगळं केलं. रंग केला नाही. रंग नांगर ओढत नाही.

सुटे भाग मिळत नाहीत ही ओरड अर्धीच खरी आहे. बेअरिंग हवं असेल तर ट्रॅक्टरचं नाव सांगूच नका. जुन्यावरचा नंबर पुसून वाचा आणि बेअरिंगच्या दुकानात तो नंबर सांगा. ६२०६ म्हटलं की ते आतून ३०, बाहेरून ६२ आणि जाडीला १६ मिलिमीटर, मग ते कुठल्याही यंत्रातलं असो. ऑइल सीलचंही तेच, तीन मापं सांगितली की काम झालं. पिस्टनला मात्र ही युक्ती चालत नाही. इंजिनाचा आकडा तोच म्हणून पिस्टन तोच, असं समजून मी एक संच आणला आणि परत केला. पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची व्हर्नियरने जुन्याशी ताडून बघितली म्हणून कळलं. नाहीतर हेडला टेकला असता.

आट्यांनी एक आठवडा खाल्ला. या ट्रॅक्टरला इंची बोल्ट. आधीच्या कुणा महाभागाने ३/८ च्या भोकात १० मिलिमीटरचा बोल्ट पान्याला पाइप लावून कोंबला होता. ३/८ म्हणजे साडेनऊ मिलिमीटर, तो बसणार कसा? बसला नाही, आटे घेऊन बसला. आणखी एक फसवणूक: ३/८ चा विटवर्थ, म्हणजे जुना ब्रिटिश आटा, आणि ३/८ यूएनसी, म्हणजे अमेरिकन आटा, दोन्हीला इंचात १६ च आटे, पण कोन एकाचा ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. हाताने सुरळीत फिरतो, आवळताना गळा धरतो.

आता दोरी. क्रँक म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा. त्याच्या मागच्या टोकाला तेल अडवायला या इंजिनात रबरी सील नाही, दोन अर्ध्या कड्यांत बसवलेली ग्रॅफाइटची दोरी आहे. वीतभर दोरी, पण ती बदलायची तर ट्रॅक्टर मधोमध खोलायचा. पुढचं धूड एका बाजूला, मागचं दुसऱ्या, मध्ये ठोकळे, मग क्लच, मग फ्लायव्हील, तेव्हा कुठे तिचं दर्शन. रबरी सीलच घालू असं मिस्त्री म्हणाले होते. पण दोरीच्या जागी क्रँकवर मुद्दाम तिरपा चर कापलेला असतो, तेल परत आत ढकलायला. रबराचा ओठ त्या चरावर काय टिकणार? दोरीच शोधली. ती मिळायला बाकी इंजिनाच्या सगळ्या सामानापेक्षा जास्त दिवस लागले.

मिस्त्रींनी दोरी बसवली आणि वर आलेली टोकं पात्याने सपाट कापली. काम दिसायला देखणं. चौथ्या महिन्यात थेंब सुरू झाले, पाठोपाठ क्लच घसरायला लागला. दोरी विकणाऱ्याला मी फोनवर जे बोललो ते इथे लिहीत नाही. नवीन क्लच प्लेट घ्यायची सोडून जुनीच बरी आहे म्हणून परत बसवली होती, ती तेलात भिजून वाया गेली. तो कंजूषपणा माझाच.

दुसऱ्यांदा खोलण्याआधी मॅन्युअल नीट वाचलं. टोकं सपाट कापायची नसतातच. प्रत्येक टोक कड्याच्या बाहेर पाव ते अर्धा मिलिमीटर ठेवायचं, म्हणजे दोन्ही अर्धी आवळली की टोकाला टोक दाबून बसतं. आधी दोन्ही टोकांचा इंचभर भाग बसवायचा, मग मधला भाग अंगठ्याने दाबत जायचं, वरून गोल दांडी फिरवून चेपायचं आणि आतून ग्रॅफाइट ग्रीस. आपण नेमकं उलटं करतो, एका टोकाने सुरू करून उरलेलं कापतो. जुनी दोरी निघाली तर ती बहुधा अॅस्बेस्टॉसची असते. कोरडी खरवडू नका, हवा तर मारूच नका.

हे सगळं शहाण्यासारखं केलं. थेंब कमी झाले, थांबले नाहीत.

इथवर माझं मत पक्कं होतं की बाजारातली दोरीच टाकाऊ. सातव्या महिन्यात दुसऱ्याच कामासाठी ब्रीदरचा पाइप काढला. आत कुंभारमाशीचं मातीचं घर, पाइप गच्च बंद. रिंगांमधून खाली आलेल्या धुराला वाट हवी, ती नसली की आतला दाब तेलालाच बाहेर काढतो, जिथे फट असेल तिथून. काडी घालून पाइप साफ केला आणि दोन महिने जमीन कोरडी. म्हणजे दुसऱ्यांदा ट्रॅक्टर खोलला तो गरजेचा होता की नव्हता, हे आता मला कधीच कळणार नाही. याचाच राग जास्त आहे. दोरीवाल्याला फोन केला. माफी मागायला केला होता, पण दोरी पुन्हा लागली तर आहे का एवढंच विचारलं.

मधल्या काळात एक गंमत झाली. नांगर वर उचलणारी हायड्रॉलिक लिफ्ट चालेना. पंप गेला म्हणून मी दोन दिवस जुना पंप शोधत होतो. शेजारचे काका आले, सीटवर बसले आणि म्हणाले, "अरे, पीटीओ टाकलास का?" नव्हता टाकला. पीटीओ म्हणजे मागची अवजारं फिरवणारा शाफ्ट. याचा हायड्रॉलिक पंप त्या शाफ्टवरच चालतो, लिव्हर न्यूट्रलला असला की लिफ्ट मेलेली. लिव्हर टाकला, नांगर वर.

आणि खरं सांगायचं तर ही लिफ्टच मला हा ट्रॅक्टर विकू देत नाही. हॅरी फर्ग्युसनची ती ड्राफ्टची, म्हणजे नांगराच्या ओढीची करामत: नांगर कडक जमिनीत गेला की टॉप लिंक, म्हणजे नांगराला वरून जोडणारा दांडा, मागची स्प्रिंग दाबते, लिफ्ट नांगर जरासा उचलते, मऊ लागलं की परत सोडते. एक तार नाही, एक सेन्सर नाही. आत काही बदललंही नाही, फक्त तेल आणि जाळी साफ केली. बाकी इंजिनाबद्दल एवढंच की थंडीतही एका सेल्फमध्ये उठतं.

परवाच्या थेंबानंतर पहिल्यांदा ब्रीदरच काढला. माशीने परत घर बांधायला घेतलं होतं, निम्मं झालं होतं. या वेळी पाइपच्या तोंडाला बारीक जाळी बांधलीय, फार दाट नाही. पिनखाली पत्र्याचा डबा ठेवलाय, रोज सकाळी बघतो.