सॅन बॉक्स काढून तीन नोड बसवले, त्याचा हिशेब

भोसरीत आमचा मशीनिंगचा कारखाना आहे. दुचाकी-चारचाकीचे पार्ट करतो. तिथला आयटी मी बघतो, हाताखाली एक मुलगा आहे. ईआरपी (खरेदी, स्टोअर्स, डिस्पॅच सांभाळणारं सॉफ्टवेअर), टॅली, डिझाइनवाल्यांची ड्रॉइंग, क्वालिटीचे रिपोर्ट, हजेरीचं मशीन, सगळं आता प्रॉक्समॉक्स या सॉफ्टवेअरने एकत्र जोडलेल्या तीन सर्व्हरच्या क्लस्टरवर चालतं (त्यातला प्रत्येक सर्व्हर म्हणजे एक नोड) आणि डेटा त्याच सर्व्हरमधल्या डिस्कवर 'सेफ' (Ceph) नावाचं स्टोरेज सॉफ्टवेअर सांभाळतं. माझं मत आधीच सांगतो: आमच्याएवढ्या कारखान्याला हा 'हायपर-कन्व्हर्ज्ड' सेटअप उत्तम आहे, फक्त डिस्क आणि बॅकअप या दोन गोष्टींत पैसे वाचवायचे असतील तर या वाटेला जाऊ नका.

आधी आमच्याकडे दोन सर्व्हर आणि खाली एक सामाईक स्टोरेज बॉक्स, म्हणजे सॅन, होता. बॉक्सला दोन कंट्रोलर, दोन पॉवर सप्लाय, त्यामुळे विकणाऱ्याच्या भाषेत 'काही होणारच नाही'. एका शनिवारी दोन्ही कंट्रोलर एकाच फर्मवेअरच्या घोळात अडकले. सर्व्हर ठणठणीत आणि डेटा कुणालाच दिसत नाही. एएमसीवाली (वार्षिक देखभालीची) पार्टी पार्टची वाट बघत राहिली, आम्ही डिस्पॅचची चलनं हाताने लिहिली. तेव्हापासून माझी एकच अट होती: कुठलाही एक डबा पूर्ण बंद पडला तरी दुसऱ्या दिवशीची पहिली शिफ्ट चालली पाहिजे.

हायपर-कन्व्हर्ज्ड म्हणजे नेमकं हेच. वेगळा स्टोरेज बॉक्स नाही. प्रत्येक सर्व्हरमधल्या डिस्क नेटवर्कवरून एकत्र बांधून सॉफ्टवेअर त्यांचा एक साठा करतं, आणि व्हर्च्युअल मशीनही (एका सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभे केलेले वेगवेगळे कॉम्प्युटर) त्याच सर्व्हरवर चालतात. व्हीएमवेअरचं व्हीसॅन २०१४ पासून आहे, नुटॅनिक्स त्याहून जुनं. दोन्हींची कोटेशन घेतली. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ताब्यात घेतलं आणि डिसेंबरातच कायमची लायसन्स विकणं बंद केलं. आता दरवर्षी प्रोसेसरच्या कोअरमागे पैसे. आमच्या एमडींना ते मान्य नव्हतं, मलाही नव्हतं. नुटॅनिक्स मला आवडलं. अपडेटचं काम त्यांच्यासारखं सोपं कुणी केलेलं नाही, आणि लिनक्सला हात लावणारं कुणी नसेल तर तेच घ्यावं. आमचं बजेट तिथपर्यंत जात नव्हतं.

प्रॉक्समॉक्स व्हिएन्नाच्या कंपनीचं, २००८ पासूनचं, डेबियनवर बांधलेलं आणि ओपन सोर्स. सेफ त्यातच बसवता येतं. त्याचा पाया सेज वाइल यांच्या कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ विद्यापीठातल्या पीएचडीच्या कामाचा. कुठला तुकडा कुठल्या डिस्कवर आहे याची मध्यवर्ती यादीच ठेवायची नाही, प्रत्येकाने ते गणिताने काढायचं, ही त्यातली मूळ कल्पना. यादी सांभाळणारा एकच डबा नसल्यामुळे तो पडायची भीतीही नाही, म्हणून मला ती फार पटते.

आता जागेचं गणित. हे कुठल्याही ब्रोशरमध्ये धड दिलेलं नसतं. आमच्या प्रत्येक नोडमध्ये ३.८४ टीबीच्या चार डिस्क आहेत, म्हणजे तीन नोड मिळून ४६ टीबी. सेफ प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती ठेवतं, नोडागणिक एक, तेव्हा हाताशी उरतात १५.३६ टीबी. डिस्क ८५ टक्के भरली की इशारा येतो, ९५ टक्क्यांना लिहिणंच बंद. पण खरा अडथळा त्याच्याही आधी येतो. तीनच नोड असताना एका नोडमधली एक डिस्क मेली, तर तिच्या प्रती पुन्हा त्याच नोडच्या उरलेल्या तीन डिस्कवर कराव्या लागतात, कारण बाकीच्या दोन नोडांवर त्या आधीच आहेत. साठा ७० टक्के भरलेला असेल तर चार डिस्कचा माल तीनमध्ये कोंबताना त्या ९३ टक्क्यांवर जातात, आणि ९० च्या वर सेफ प्रती करणंच थांबवतं. म्हणून एक डिस्क गेली तरी ८५ च्या आत राहायचं असेल तर रोजचा वापर ६३ टक्क्यांच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. थोडक्यात, ४६ टीबी विकत घेतले आणि निर्धास्तपणे वापरायला मिळाले साडेनऊ-पावणेदहा. हा आकडा एमडींच्या टेबलावर कोटेशनसोबत ठेवला, त्यामुळे नंतर कटकट झाली नाही. विक्रेत्याने तुम्हाला फक्त '४६ टीबी' सांगितलं तर त्याच्यासमोर हेच गणित मांडा.

डिस्क एंटरप्राइजच घ्या, वीज गेल्यावर कॅपॅसिटरच्या जोरावर हातातलं लिखाण पुरं करणाऱ्या. सेफ प्रत्येक लिखाण डिस्कवर पक्कं झाल्याशिवाय 'झालं' म्हणत नाही. लॅपटॉपमधल्या साध्या एसएसडीला ते पक्कं करायला इतका वेळ लागतो की ईआरपी रांगायला लागतं. एका पार्टीने आम्हाला तसल्याच डिस्क टाकून कोटेशन स्वस्त करून दिलं होतं. ते परत केलं.

नेटवर्कवर मात्र खर्च वाचतो. तीनच नोड असल्यामुळे प्रत्येकात दोन पोर्टचं २५ गिगाबिटचं कार्ड घालून प्रत्येक नोड दुसऱ्या दोघांना सरळ केबलने जोडला. महागडा स्विच लागला नाही. चौथा नोड आला की हे मोडेल, हे माहीत असू द्या.

ईआरपी हलवण्याआधी त्याची नक्कल क्लस्टरवर उभी केली. स्टोअर्समधल्या दोघांना जीआरएन (आलेल्या मालाच्या नोंदी) भरत बसवलं आणि ज्या नोडवर ते मशीन होतं त्याच्या दोन्ही पॉवर केबल ओढल्या. त्यांचे स्क्रीन गोठले. दुसऱ्या नोडांवरच्या मशीनच्या डिस्क वीस-पंचवीस सेकंद थबकल्या आणि पुढे चालू झाल्या. ईआरपीचं मशीन मात्र लगेच उठत नाही. मेलेला नोड खरंच मेलाय याची खात्री होईपर्यंत क्लस्टर थांबतं, कारण एकच मशीन दोन ठिकाणी चालू झालं तर डेटाबेसची वाट लागते. दोनेक मिनिटांनी ते दुसऱ्या नोडवर सुरू झालं, विंडोज उठलं, एसक्यूएल डेटाबेसने स्वतःची तपासणी केली आणि दोघांनी पुन्हा लॉगिन केलं. सेव्ह केलेली प्रत्येक एंट्री जागेवर होती. सेव्ह न केलेली अर्थातच गेली. 'झीरो डाउनटाइम' असं कुणी म्हणालं तर त्याला केबल ओढून दाखवायला सांगा.

केबल परत लावल्यावर सेफने मधल्या वेळात बदललेलंच तेवढं भरून घेतलं आणि हिरवा दिवा आला. तोपर्यंतची स्थिती नीट समजून घ्या: एक नोड बंद असताना दोनच प्रती असतात, आणि त्यातली एखादी डिस्क गेली तर तिच्यावरच्या तुकड्यांचं वाचन-लेखन थांबतं. डेटा जात नाही, काम थांबतं. म्हणून देखभालीसाठी नोड उतरवायचा तो आम्ही गुरुवारी, एमआयडीसीच्या सुट्टीला, जनरेटरवर.

इथवर जे लिहिलं ते हार्डवेअर मेल्याबद्दल. तीन प्रती म्हणजे बॅकअप नव्हे, हे मी प्रत्येक मीटिंगमध्ये सांगतो. कुणी फोल्डर उडवलं की ते तिन्ही प्रतींतून त्याच क्षणी उडतं. रॅन्समवेअरने फाइल कुलूपबंद केल्या तर सेफ कुलूप लावलेल्या फाइलच्या तीन उत्तम प्रती जपून ठेवेल. हायपर-कन्व्हर्ज्ड विकणारे 'स्टोरेज आणि रिकव्हरी' एका दमात म्हणतात, ते मला अजिबात मान्य नाही.

आमचा बॅकअप वेगळ्या इमारतीत, वेगळ्या मशीनवर, प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हरवर जातो. ते मशीन विंडोज डोमेनमध्ये (ऑफिसच्या सामाईक लॉगिन व्यवस्थेत) नाही आणि त्याचा पासवर्ड क्लस्टरवर कुठेच नाही. क्लस्टरला दिलेल्या खात्याला बॅकअप टाकता येतो, परत घेता येतो, पुसता येत नाही. जुने बॅकअप काढायचं काम बॅकअप सर्व्हर स्वतः करतो. याच एका गोष्टीसाठी मी हे सॉफ्टवेअर कुणालाही सुचवेन. पहिल्या फेरीनंतर फक्त बदललेले भाग जातात, सारखे तुकडे एकदाच साठवले जातात, त्यामुळे ईआरपीचा बॅकअप दर तासाला घेणं परवडतं. डिझाइनच्या एका मुलाकडून डायचं ड्रॉइंग पुसलं गेलं, तेव्हा बॅकअप ब्राउझरमध्ये उघडून तेवढी एकच फाइल काढून दिली. त्याचा चहा संपायच्या आत ती त्याच्याकडे होती.

लाइव्ह रिस्टोरही आहे. डेटा मागून येत असतानाच मशीन चालू होतं. पण रिस्टोर मध्येच तुटला तर तेवढ्या वेळात लिहिलेलं जातं, म्हणून पूर्ण होईस्तोवर आम्ही नवीन एंट्री करू देत नाही. आणि बॅकअप सर्व्हरमध्ये फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्क घालू नका. लाखो छोटे तुकडे वाचताना आणि तपासताना त्या दमतात.

क्लस्टर आणि बॅकअप सर्व्हरनंतरची तिसरी प्रत रांजणगावच्या प्लांटमध्ये. तिथला सर्व्हर रात्री स्वतः येऊन इथून ओढून नेतो, इथून तिथे कुणाला शिरता येत नाही. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून कंपनी कायद्याच्या नियमांत हिशेबाच्या वह्यांचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर असणं सक्तीचं आहे. सीएसाहेब ऑडिटला तेच विचारतात, त्यांना मी या सर्व्हरची रोजची नोंद दाखवतो.

दोन खर्च आधीच धरा. विंडोज सर्व्हरचं लायसन्स मशीन ज्या ज्या नोडवर जाऊ शकतं त्या प्रत्येकाला लागतं, सर्व्हरमागे किमान १६ कोअर. आमच्या एकूण खर्चात तो आकडा चांगलाच टोचला. दुसरा सपोर्टचा. प्रॉक्समॉक्सचं सबस्क्रिप्शन प्रोसेसरच्या सॉकेटवर असतं, दर वाजवी आहे, पण मदत ऑस्ट्रियाच्या ऑफिसच्या वेळेत. आमची पहिली शिफ्ट लागते तेव्हा व्हिएन्नात मध्यरात्र उलटलेली असते. पुण्यातल्या एका जाणकाराशी तासाच्या हिशेबाने बोलणी करून ठेवली आहेत आणि कपाटात दोन जादा डिस्क आहेत.

रांजणगावच्या प्रतीवरून अख्खं ईआरपी तिथल्याच जुन्या सर्व्हरवर उभं करून बघायचं अजून बाकी आहे. दिवाळीच्या शटडाउनमध्ये ते काम लावलंय. जमलं की किती वेळ लागला ते इथेच लिहीन.